काटकुळा मुलगा, शहाणी मुलगी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा तक्ता

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलांचे बाबा मुंबईत कंपनीत कामाला आहेत. विरारला भावाकडे राहतात आणि गणपती, शिमगा, मे महिना असे तीन वेळा गावी येतात. ताई सासू-सासऱ्यांसोबत गावी. मुलगा नऊ वर्षांचा, वाडीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत, एसटीने हायस्कूलला जाते. यंदा गणपतीला ठाण्याची नणंद आली आणि मुलाला बघून म्हणाली, "केवढा हा काटकुळा! आणि इंग्रजीत नावसुद्धा सांगता येत नाही." ती परत गेल्यावर आठवडाभरात मुलांच्या बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता पाठवला. त्यात उंची, वजन, टक्के, इंग्रजी, क्लास आणि छंद असे रकाने होते. एका बाजूला नणंदेचा मुलगा भरलेला, दुसरी बाजू ताईंनी भरायची. खाली लिहिलं होतं, "मुलांचं बरं चाललंय हे आकड्यांत दाखव, नाहीतर जूनपासून सगळे इकडे या." ताई विचारतात: मुलांचं बरं चाललंय हे मोजतात तरी कसं? आणि मी कुठे कमी पडते आहे का?

ताई,

तक्ता बघून तुमचा संताप झाला, त्यात नवल नाही. दोन वेळचं रांधून, गुरांचं बघून, सासूबाईंच्या गोळ्या सांभाळून रात्री फोन उघडावा आणि त्यात परीक्षेचा पेपर निघावा! पण मला त्या तक्त्यात नणंदेच्या टोमण्याहून वेगळंही काहीतरी दिसलं. वर्षाचे बहुतेक महिने लांब असलेल्या बापाच्या हाती मुलांचं लागतं काय? रात्रीचा पाच मिनिटांचा फोन. "जेवलास का?" "हो." "अभ्यास झाला?" "हो." मुलाच्या अंगाला येणारा खाडीच्या चिखलाचा वास फोनवरून जात नाही, आकडा जातो. त्यांच्या मागणीत तुमच्यावरचा अविश्वास थोडा असेलही, पण जास्त आहे ती धास्ती. म्हणून तक्ता पुसून टाकू नका. त्यातले रकाने कोणी आणि कशासाठी ठरवले, एवढंच त्यांना विचारा.

हे रकान्यांचं भांडण तुमच्याच घरात आहे असं नाही. पूर्वी सरकारं आणि मोठ्या संस्था मुलांचं बरं-वाईट दोन-चार गोष्टींवरूनच ठरवत: पाच वर्षांच्या आत किती दगावली, किती कुपोषित, किती शाळेत गेली. तेव्हा ते योग्यच होतं, आणि आपल्याकडे अजून ती मोजणी सुटलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. पण जगलं, वाढलं, शाळेत गेलं, म्हणजे मुलाचं बरं चाललं का? १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. त्या करारात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, असंही त्यात लिहिलेलं आहे.

मग मोजायच्या गोष्टी वाढल्या. २००७ साली युनिसेफने २१ श्रीमंत देशांतल्या मुलांचा अहवाल काढला. त्यात पैसा, आरोग्य आणि शिक्षण होतंच. शिवाय पंधरा वर्षांची मुलं आईवडिलांबरोबर बसून जेवतात का, आईवडील त्यांच्याशी नुसत्या गप्पा मारतात का, सोबतची मुलं त्यांच्याशी चांगली वागतात का, हेही मोजलं होतं. नेदरलँड्स पहिला आला. अमेरिका विसावी आणि ब्रिटन शेवटचा! तुमच्या तक्त्यात 'सोबत जेवण' हा रकाना नाही. असता, तर गावच्या घरात तुमची आणि आजी-आजोबांची बाजू भरून वाहिली असती आणि बाबांची रिकामी राहिली असती. हे त्यांना टोचून सांगू नका. पण तो रकाना तक्त्यात घाला.

आपल्या कोकणाचंच घ्या. कोकण विभागीय मंडळ झाल्यापासून दहावीच्या निकालात आपला विभाग राज्यात पहिला असतो. २०२४ साली निकाल ९९.०१ टक्के लागला. आपल्या शिक्षकांनी आणि मुलांनी ते मिळवलं आहे, कौतुक झालंच पाहिजे. पण निकालाच्या त्या आकड्याला एवढंच विचारा की किती मुलं पास झाली. पास झालेल्यांपैकी किती जणांना बॅग भरून मुंबई-पुणे गाठावं लागलं, ते त्याला माहीत नाही. दहावीच्या वर्षी मुलं रात्री किती झोपली, तेही नाही. जे त्याने मोजलंच नाही ते त्याच्याकडून वदवून घ्यायला गेलो की आपली फसगत होते.

आता तुमच्या मुलाकडे येते. पत्रात बरंचसं त्याच्याचबद्दल आहे.

त्याची उंची १२८ सेंटीमीटर आणि वजन साडेतेवीस किलो असं तुम्ही लिहिलंत. नणंदेच्या मुलाचे आकडे १३३ आणि ३४. नुसतं वजन शेजारी शेजारी ठेवलं तर तुमचा मुलगा हरल्यासारखा दिसतो. पण डॉक्टर वजन एकटं बघत नाहीत, उंचीच्या हिशोबात बघतात. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय येतो. तुमच्या मुलाचा येतो १४.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ वर्षांच्या मुलासाठी खालची रेघ साधारण १३.५ ला आहे आणि जास्त वजनाची रेघ १८ च्या जरा अलीकडे. म्हणजे तुमचा मुलगा सडपातळ आहे, पण रेघांच्या आत. भाच्याचा येतो १९ च्या वर, तेव्हा डॉक्टरांनी हटकलंच तर ते त्यालाच हटकतील. (हे नणंदेला कळवायची घाई नको. त्या पोराचाही यात काही दोष नाही.)

खरी खूण एका दिवसाच्या वजनात नसते, वाढीच्या वेगात असते. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर उंच होतं आणि दोन-तीन किलोने भरतं. माजघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा, पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. दर सहा महिन्यांनी पुन्हा. खूण वर सरकत असेल तर काटकुळा असला तरी चालेल. वर्षभर सरकलीच नाही, किंवा वजन उतरायला लागलं, तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत मुलं तपासायला येतं. त्या दिवशी त्याला घरी ठेवू नका आणि पथकाने काय लिहिलं ते गुरुजींकडून समजून घ्या. जंताची गोळीही शाळेत मिळते, ती चुकवू नका. बाकी नाचणी, कुळीथ, अंडं, मासे आणि परसातली भाजी घरात आहे म्हणता, तर डब्यातल्या महागड्या पावडरीवर पैसे घालवायचं कारण मला दिसत नाही.

अभ्यासाचं टक्क्यांवरून कळत नाही. घरीच बघता येईल. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून देशभर खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देते: आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. त्यासोबत हातच्याची वजाबाकी आणि भागाकारही असतो. तुम्ही शेजारच्या मुलाचं दुसरीचं पुस्तक आणा. मुलाला पाठ नसलेला धडा द्या. न अडखळता वाचतो का, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगतो का, ते बघा. चौथीतल्या मुलाला ते जमलं पाहिजे. जमलं तर पाया चांगला आहे आणि इंग्रजी त्यावर चढेल. नाही जमलं तर मुंबईच्या इंग्रजी शाळेत तो आणखी बुडेल. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, तेव्हा चौथीतल्या मुलाला स्वतःचं नाव इंग्रजीत का सांगता येत नाही, हे गुरुजींना जरूर विचारा. तेवढी नणंदेची तक्रार मला रास्त वाटते.

एक गोष्ट मात्र त्या तक्त्यात असायला हवी होती, ती नाही. मुलगा शाळा सुटली की खाडीवर असतो असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. त्याला पोहता येतं का? भरतीची वेळ कळते का? सोबत मोठं कोण असतं? पावसाळ्यात पऱ्याला पाणी चढतं तेव्हा शाळेत कसा जातो? बुडून दगावणाऱ्या मुलांची संख्या जगभर मोठी आहे आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ते विसरून चालत नाही. मोकळीक हे मुलाचं सुखच आहे, पण पोहणं शिकवलेलं असलं तर.

आणि एकटेपणाचं काय? शाळेत चार वर्गांत मिळून अकरा मुलं, त्याच्या वर्गात तो आणि एक मुलगी. वाडीतली मुलं खेळायला आहेत म्हणून आज निभावतंय. पण तुमच्या पत्रात एका कोपऱ्यात लिहिलंय की ही शाळा चौथीपर्यंतच आहे. म्हणजे जूनमध्ये त्याची शाळा तशीही बदलणार. ती कुठली, तिथे पाचवीत मुलं किती, एसटीची वेळ जुळते का, ही चौकशी मुंबईचा विषय निघाला नसता तरी तुम्हाला करावीच लागली असती.

आता जे वाचून मला जास्त काळजी वाटली, ते. मुलीबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत. "तिचं काही बघावं लागत नाही, वर्गात पहिली असते, घरातलंही सगळं करते. हल्ली जरा गप्प असते आणि रात्री उशिरापर्यंत जागते, पण वयच तसं."

तुमच्या यजमानांनी तिचे आकडे मागितलेच नाहीत. पुढचा तक्ता नणंदेच्या मुलीशी ताडून पाठवला, तर ही मुलगी त्यात सगळीकडे पहिली येईल. नेमकं म्हणूनच ती कोणाच्या नजरेत येत नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जपानची मुलं शरीराच्या आरोग्यात पहिली आली आणि मनाच्या स्वास्थ्यात ३८ देशांत ३७ वी. दिसायला धडधाकट, आतून खचलेली! तुमच्या मुलीचं तसंच आहे असं मी म्हणत नाही. इथे बसून ते मला कळणारही नाही. पण जी मुलगी त्रास देत नाही तिला त्रास नाही, असं धरून चालणं धोक्याचं आहे.

तिचा दिवस एकदा कागदावर लिहून काढा. उठते कधी, पाणी भरणं, भांडी, आजीचं औषध, एसटीची वाट, शाळा, शेवटची गाडी, मासळी साफ करणं, अभ्यास, झोप. तिच्या स्वतःच्या मर्जीचा वेळ त्यात किती उरतो? भाऊ खाडीवर असतो तेव्हा ती कुठे असते? तिच्या वयाच्या मुलीला रात्री आठ-नऊ तास झोप हवी. ती कमी पडत असेल तर अभ्यासामुळे, फोनमुळे की मनातल्या कशामुळे, ते शोधावं लागेल.

शरीराकडूनही सुरुवात करता येते. या वयात पाळी सुरू होते आणि रक्त कमी पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्क्यांना रक्तक्षय निघाला. थकवा, चिडचिड, गप्प बसणं यामागे कधी नुसतं तेच असतं. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. तिच्या वयाला ते १२ च्या खाली नसावं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती घेते की मैत्रिणींसारखी मळमळते म्हणून पिशवीत टाकते, तेही विचारा. पाळीच्या दिवसांत शाळेत पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आहे का? नसेल तर दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी ऐकून आहे.

मनाचं विचारताना समोर बसवून "काय झालंय तुला?" म्हणू नका. त्या प्रश्नाला या वयाचं उत्तर ठरलेलं असतं: काही नाही. आठळ्या सोलताना किंवा पाणी भरून येताना, हात कामात आणि नजर दुसरीकडे असताना, एखादी बारकी गोष्ट विचारा. एसटीत बसायला जागा मिळते का? सोबत कोण असतं? स्टँडवर कोणी त्रास देतं का? उत्तर आलं तर लगेच उपाय सांगायला धावू नका आणि "मी तुझ्या वयाची असताना" हे तर अजिबात नको. दोन आठवडे उलटूनही झोप-जेवण बिघडलेलंच राहिलं, आवडीच्या गोष्टी सुटल्या, किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखं काही बोलली, तर थांबू नका. ग्रामीण रुग्णालयात दाखवा. टेलिमानस या मनाच्या आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. कोणी छळत असेल तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे, मुलगी स्वतःही तिथे फोन करू शकते.

नणंद, यजमान, तुम्ही, सासरे, सगळ्यांची मतं पत्रात आहेत. मुलांचं एकही वाक्य नाही. आंतरराष्ट्रीय अभ्यासकांनी 'चिल्ड्रन्स वर्ल्ड्स' नावाची एक पाहणी बऱ्याच देशांत केली, तिच्या एका फेरीत भारतही होता. ती आठ, दहा आणि बारा वर्षांच्या मुलांनाच विचारते: घरात सुरक्षित वाटतं का, मोठे तुझं ऐकतात का, तुझा वेळ जसा जातो तो तुला आवडतो का. आठ वर्षांचं मूल अशा प्रश्नांची नीट उत्तरं देतं हे तिथे दिसलं आहे. तुमची दोन्ही मुलं त्याहून मोठी आहेत.

अभ्यासक मुलांना शिडीचं चित्रही दाखवतात. सगळ्यात वरच्या पायरीवर तुझं सर्वांत चांगलं आयुष्य, खाली सर्वांत वाईट, तर तू आज कुठे उभा आहेस? शिडीऐवजी तुमच्या घराकडे चढणारी पाखाडी घ्या. दहा पायऱ्या मोजा आणि तिथेच विचारा, दोघांना वेगवेगळं. आकडा काय येतो याला फार किंमत देऊ नका. "सहावीवर का, सातवीवर का नाही?" हा पुढचा प्रश्न कामाचा. सहाच्या खाली असतील तर आधी ऐकून घ्या. आणि हा आकडा बाबांच्या तक्त्यात जाता कामा नये. एकदा मार्कांसारखा वापरला गेला की पुढच्या वेळी मुलं तुम्हाला हवा तो आकडा सांगतील.

मुंबईचं काय करावं? जाऊच नका असं मी म्हणणार नाही. रोज संध्याकाळी बाप दिसणं ही मुलांसाठी मोठी गोष्ट आहे, आणि तुमच्यासाठीही. तुम्ही पत्रात स्वतःबद्दल काहीच लिहिलेलं नाहीत, पण इतकी वर्षं सगळं एकटीने ओढणाऱ्या बाईला दुसरं माणूस हवं असतं. मुलीला पुढे शिक्षणाच्या वाटाही तिकडे जास्त. दुसऱ्या बाजूला भाड्याची एक खोली, यजमानांचे लोकलमधले तास धरले तर ते प्रत्यक्षात घरी किती वाजता येतील हा हिशोब, आजी-आजोबा सुटणं, मुलाचं अंगण आणि खाडी सुटणं. शिवाय सासू-सासऱ्यांचं इथे कोण बघणार, हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात बसत नाही. नणंदेचा मुलगा इंग्रजी बोलतो म्हणून जाऊ नका आणि नणंदेला दाखवून द्यायचं म्हणून थांबूही नका.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन विरारला जा. फिरायला नाही, राहायला. कामाचे दिवस असतील असे आठ-दहा दिवस काढा. बाबा किती वाजता येतात, मुलं दुपारी काय करतात, मुलगी कोणाशी बोलते, तुम्हाला कसं वाटतं, सगळं दिसेल. परत आल्यावर दोघांना विचारा. मूल म्हणेल तेच करायचं असं नाही, पण ते न विचारता ठरवू नका.

तोवर यजमानांना तक्ता परत पाठवा. वजन-उंची लिहा, वाढीच्या खुणेचा फोटो जोडा. त्याखाली तुमचे रकाने घाला: पोहायला येतं का, दुसरीचा धडा वाचतो का, मुलीची झोप किती, सोबत जेवण किती वेळा, मनातलं कोणाला सांगते. एक रकाना त्यांच्याकरता ठेवा. आठवड्यातून एकदा, अभ्यासाचा शब्द न काढता, अर्धा तास प्रत्येक मुलाशी वेगळा फोन. मुलगी पहिल्या एक-दोन वेळा काही बोलणार नाही, तेव्हा त्यांनी फोन ठेवायचा नाही.

जूनमध्ये जायचं ठरलंच तर मुलाची अडचण नाही. आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. मुलगी मात्र नववीत जाणार, तिला तो कायदा लागू होत नाही. तिच्यासाठी विरारमध्ये मराठी माध्यमाच्या शाळेत जागा आहे का, हे दिवाळीत तिथे असतानाच विचारून घ्या, आणि चौकशीला जाताना तिला सोबत न्या.